बी न धुतल्यामुळे

मुंबई,
शनिवार, ९ जून १९५६

दादा,

तुझं पत्र काल मिळालं. दोन वर्षांतलं पहिलं. वर ‘चिरंजीव कोकिळा’, खाली ‘अनेक आशीर्वाद’ आणि आत घडी घातलेला टाईप केलेला कागद. त्यावर मी सही करून उलट टपाली पाठवायचं. तुझ्या साहेबांच्या पुतण्याशी लग्न करायला मी नाही म्हटलं, तेव्हापासून मी तुला मेले होते. आता कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रात्यक्षिकं शिकवणारी बहीण उपयोगी पडते, म्हणून जिवंत झाले. हे मी रागाने लिहीत नाही. नोंद म्हणून लिहिते.

कागदावरचं वाक्य असं आहे: “मौजे शिंगणखार येथील प्रात्यक्षिकातील भाताचे बी, मिठाच्या पाण्यातून काढल्यावर स्त्रियांनी हयगय करून न धुतल्यामुळे, उगवण्यास असमर्थ ठरले.”

मी न पाहिलेल्या बियांबद्दल सही करत नाही.

भातशेतीच्या जपानी पद्धतीत बी मिठाच्या पाण्यात का टाकतात, हे तुला मी सांगायला नको. तू विस्तार अधिकारी म्हणून तालुकाभर त्यावर भाषणं देतोस. पोचट दाणे वर तरंगतात ते काढून टाकायचे, भरीव दाणे तळाशी बसतात ते लगेच बाहेर काढून गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे आणि मग मोड आणायला ठेवायचे. पद्धत चांगली आहे. तिच्यात बी मरत नाही. मग शिंगणखारला का मेलं?

पत्रात तू ‘प्रात्यक्षिकातील बी’ म्हणतोस. किती आणि कोणाचं, ते लिहीत नाहीस. रत्ता होता का? थोडा होता की गावाचा सगळा? तू एवढं मोघम लिहितोस तेव्हा उत्तर वाईट असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. रत्त्याचा तांबडा दाणा आपल्या खाडीकाठच्या खार जमिनीतच होतो. पेणच्या बाजारात त्याचं बी मिळत नाही, आणि बाजारातलं पांढरं भात आपल्या खारात आठवडाभरही तग धरत नाही.

मला तीन वस्तू पाठव. मेलेलं बी, त्याच वाणाचं न भिजवलेलं मूठभर बी, आणि ज्या पाण्यात बी घातलं होतं ते पाणी बाटलीत. त्याबरोबर पत्र पाठवलं नाहीस तरी चालेल.

कोकिळा

(नमस्कार लिहायचा राहिलेला नाही.)


मुंबई,
मंगळवार, १२ जून

दादा,

वस्तू मिळाल्या. तू पाठवल्या नाहीस. सोनाकाकी आपणहून घेऊन आली, माझं पत्र तुला मिळायच्या आधीच.

मांडव्याची बोट पावसाळ्यासाठी बंद झालीय, म्हणून ती रेवसला चालत गेली आणि तिथल्या बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरली. तिथून कॉलेजपर्यंत विचारत विचारत आली. शिपाई तिला आत सोडेना. तिनं त्याला सांगितलं, “मी पोरीची काकी हाय, पन आयपेक्षा वरची. तिला बोलव, मंग तुला कलंल.” मी खाली आले तेव्हा ती त्याच्याच स्टुलावर बसली होती आणि तो उभा होता.

आई गेल्यावर तुला आणि मला हिनंच वाढवलं, हे तुला आठवण करून देण्यासाठी लिहीत नाही. पुढचं सगळं तिच्या तोंडचं आहे, एवढं कळावं म्हणून लिहिते.

“पोस्टानं का नाही पाठवलंस?” मी विचारलं.

“भिजलं असतं. आनि तुज्या दादानं पोस्टमास्तरला सांगून ठेवलेलं, शिंगनखारचं काय आलं तर मना दाखव. शिकलेला हाय ना.”

पदरात दोन पुरचुंड्या होत्या आणि औषधाची जुनी बाटली. एका पुरचुंडीत मेलेलं बी. दुसरीत, बी साठवायच्या मुड्याच्या पेंढ्यात अडकून राहिलेले दाणे तिनं वेचून आणलेले. मी विचारलं, मुड्यातलंच थोडं का नाही आणलंस? ती म्हणाली, “मुडे कुठं उरलेत बाय.”

म्हणजे गावाचा सगळा रत्ता. मला वाटलंच होतं.

मग तिनं सगळं सांगितलं. तू मला सांगितलं नाहीस, तेव्हा मीच तुला सांगते.

बी मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी घातलं. मीठ मोजून गोड्या पाण्यात विरघळवायचं, तर तेवढं गोडं पाणी गावात नाही, म्हणून तू मिठागराच्या कोंड्यांतलं तयार खारं पाणी कावडींनी आणवलंस. पाहुणे दुपारी येणार होते. तू सांगितलंस, साहेब स्वतःच्या हाताने पोचट दाणे वर काढतील, फोटो निघेल, तोवर बी बाहेर काढायचं नाही.

“साहेब काय आलं न्हाय,” काकी म्हणाली.

“मग?”

“मंग काय. बी बसलं पान्यात. आमी बसलो काठावं. साहेब बसला पेनला जेवायला.”

पाहुणे रविवारी दुपारी आले. त्याआधी रविवारी सकाळी तू बांधावर उभा राहून म्हणालास, धूळ उडते, साहेबांच्या कपड्यांवर बसेल, रस्ता आणि मांडव शिंपून घ्या. काकी म्हणाली, “दत्ता, हे बी धुवायचं पानी हाय. दोन दिस हीर उपसून हंडे भरलेत. आता हिरीत चिखल हाय.” त्यावर तू काय बोललास, ते तिनं मला तुझ्या आवाजात सांगितलं. नक्कल ती चांगली करते. “काकी, आपलं भात खाऱ्यातच वाढतं. त्याला गोड्या पाण्याचे लाड कशाला? खाडीच्या पाण्यानं धुवा.”

आणि ते काकीखेरीज कोणाला चुकीचं वाटलं नाही. मला त्याचा सगळ्यात जास्त राग आहे. घाटावरच्या कुठल्याही गावात तू हे म्हणाला असतास तर शेतकऱ्यांनी तुला वेड्यात काढलं असतं. आपल्याकडे पटलं. रत्ता खारातलाच, त्याला खाऱ्याचं काय भय? काकीच्या हाताखाली बी भिजवणाऱ्या ठमीनं पहिला हंडा उचलला आणि शिंपायला लागली. काकी तिला बोल लावत नाही. म्हणते, “तिला वाटलं, दत्ता बोलतो म्हंजी पुस्तकात असंल.”

पुस्तकात नाही. आणि तुला लहानपणापासून माहीत आहे की ते नाही. जून लागला की घरात प्यायला पाणी कमी, तरी काकी मोडाचं बी विहिरीच्याच पाण्यात भिजवायची. तहान लागली म्हणून तू बियाच्या पातेल्यातलं पाणी प्यायलास, तेव्हा तिनं तुला फटका दिला होता. शेतातला खार पाऊस धुऊन काढतो, मगच रत्त्याचं मूळ जमिनीत उतरतं. वाढलेलं रोप थोडा खार सोसतं. दाणा सोसत नाही.

खाडीच्या पाण्याने खळबळून ठेवलेलं बी तिसऱ्या दिवशी गोणपाटाखाली फुगलेलं दिसलं आणि तू गावात पेढे वाटलेस. दादा, कोरडा दाणा लाकडासारखा पाणी ओढतो. मेलेला दाणासुद्धा फुगतो. तू मेलेल्या बियांचे पेढे वाटलेस.

मग तू चावडीवर तो कागद वाचलास. ‘स्त्रियांनी हयगय करून.’ नाव घेतलं नाहीस. घ्यायची गरज नव्हती. शिंगणखारमध्ये सगळ्या घरांचं बी एकाच अंगणात, एकाच हाताने भिजतं. तो हात कोणाचा, हे पाळण्यातल्या पोराला ठाऊक आहे. आता काकीच्या अंगणात कोणी येत नाही. ठमीची सासू तिला बघून वाट बदलते.

आणि बी तर पाहिजे. रत्ता आता फक्त शेजारच्या गावात, मोठ्या पाळेला उरला आहे, आणि तिथून तो कसा मिळतो, हे तुला माहीत आहे. ज्याच्या हातून गावाचं बी गेलं, त्यानं रिकामी टोपली डोक्यावर घेऊन मागायला जायचं. दुसऱ्या कोणाला देत नाहीत. आणि जो गेला, त्यानं पुन्हा जन्मात बियाला हात लावायचा नाही.

काकी मला म्हणाली, “मी जाते. माझं काय जातं? दत्ताचं जपान जातं.”

तुझा जपानचा दौरा ठरला आहे, हे मला तिच्याकडून कळलं. अभिनंदन.

रात्री ती माझ्या खोलीत झोपली. सकाळी मी तिला प्रयोगशाळेत नेलं, कारण ती विचारत होती की बियाच्या आत नक्की काय झालं. जांभळ्या पानाचा पापुद्रा काचेवर ठेवून तिला सूक्ष्मदर्शकातून दाखवला. विटा रचल्यासारख्या पेशी, प्रत्येकीत जांभळा रस काठोकाठ. मग बाजूने तिच्या बाटलीतलं मिठागराचं पाणी एक थेंब सोडलं. पेशीचा बाहेरचा कूड जागच्या जागी राहतो, आणि आतला रस अंग चोरून मध्यभागी गोळा होतो. आतलं पाणी बाहेरच्या मिठाकडे ओढलं जातं. रसाभोवती एक अतिशय पातळ आवरण असतं, डोळ्यांना न दिसणारं. ते पाण्याला जाऊ-येऊ देतं, पण आतला रंग बाहेर सोडत नाही, आणि बाहेरचं मीठ सहजासहजी आत घेत नाही. ते आवरण जिवंत असेपर्यंत.

मग मी मीठ काढून गोडं पाणी सोडलं. रस पुन्हा पसरला, कुडाला टेकला.

“जगली,” काकी म्हणाली.

“वेळेवर पाणी मिळालं म्हणून.”

ती बराच वेळ काचेवरून डोळा काढेना. मग म्हणाली, “आनि एवढंसं बघायचा सरकार तुला पगार देतं?”

संध्याकाळच्या बोटीने तिला परत पाठवलं. तू जाशील का टोपली घेऊन, एवढंच विचारायचं आहे. बियांची तपासणी आजपासून सुरू केली. निष्कर्ष येईल तो लिहीन, तुला आवडो न आवडो.

कोकिळा


मुंबई,
रविवार, १७ जून

दादा,

तुझं पत्र आलं. तू लिहितोस, शास्त्रज्ञानं भावनेत वाहून जाऊ नये. बरोबर आहे. म्हणून आधी निष्कर्ष.

काकीनं वेचून आणलेल्या चांगल्या दाण्यांचे मी तीन वाटे केले. पहिला गोड्या पाण्यात भिजवला. दुसरा तिनं आणलेल्या मिठागराच्या पाण्यात दीड दिवस ठेवला, तुझ्या बियासारखा, आणि नंतर गोड्या पाण्याने नीट धुतला. तिसरा तसाच दीड दिवस ठेवला आणि खाडीइतक्या खाऱ्या पाण्याने खळबळला. बशा शेजारी शेजारी, एकाच ओल्या फडक्याखाली.

पहिल्या बशीत जवळजवळ सगळे दाणे उगवले. तिसरीत एकही नाही.

दुसरी बशी तू लक्ष देऊन वाच. दीड दिवस खाऱ्या पाण्यात पडलेलं बी एक दिवस उशिरा, पण बहुतेक सगळं उगवलं. मला तसं नको होतं. पाहुण्यांची वाट बघत दीड दिवस ठेवल्यानेच बी मेलं असं निघालं असतं, तर तुझं वाक्य खोटं ठरलं असतं आणि मी सुखाने तसं लिहिलं असतं. म्हणून मी ती बशी तीनदा मोजली. उगवलेल्या दाण्याला मी न उगवलेला म्हणू शकत नाही.

म्हणजे तुझं वाक्य, ‘हयगय करून’ हे शब्द काढले तर, खरं आहे. बी न धुतल्यामुळेच मेलं.

मेलेल्या बियाची परीक्षा वेगळी केली. दाणे भिजवून चिरले, कोंबाचा भाग उघडा केला आणि निळ्या रंगाच्या पाण्यात ठेवला. जिवंत पेशी हा रंग आत येऊ देत नाही. कोंब पांढरा राहतो. मेलेल्या पेशीचं आवरण काहीच अडवत नाही. तिच्यात मीठ जातं, रंग जातो, जे येईल ते जातं. तू पाठवायला हवं होतंस आणि काकीनं आणलं, ते सगळं बी निळं झालं. टोकापासून बुडापर्यंत. मी असे निळे कोंब आधीही पाहिले आहेत, जुन्या बियांत, किडलेल्या बियांत. घरच्या रत्त्यात कधी पाहिले नव्हते.

आता भावना.

तू लिहितोस, “सरकारी अधिकारी डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव फिरत नाही.” एकाच गावात जायचं आहे. मोठी पाळ आपल्या बांधावरून दिसते.

तू लिहितोस, “काकी म्हातारी आहे, तिला दोन शब्द ऐकावे लागले तर काय बिघडतं?” तू तिला काय समजतोस, मला माहीत नाही. मी सांगते ती काय आहे. बियाचं पाणी कधी बदलायचं, गोणपाट कधी उचलायचं, मोड केवढा झाला की पेरायचं, हे शिंगणखार तिला विचारून करतं. तिच्याजवळ शेत नाही, मूल नाही, नवरा कधीचा गेला. तिच्याजवळ ते एक काम आहे. त्यामुळे लग्नकार्यात तिला पहिला पाट मिळतो. टोपली घेऊन ती एकदा बाहेर पडली की ते गेलं, आणि ते परत देणारा कोणी अधिकारी तुमच्या खात्यात नाही.

तू लिहितोस, “तुझ्या शिक्षणासाठी मी काय केलं ते विसरू नकोस.” विसरले नाही. तूच मला रेवसच्या बोटीत बसवलंस. गावातली पहिली मुलगी कॉलेजात जाते म्हणून तू सगळ्यांना सांगत फिरलास. तो तूच होतास, आणि म्हणून मी हे पत्र तुला लिहिते आहे, तुझ्या वरच्या कार्यालयाला नाही. अजून.

पाऊस चांगला लागला आहे, शेतांतला खार उतरत असेल. मोड आणायला तीन दिवस धर. म्हणजे बी या आठवड्यात आलं नाही तर यंदा शेतं पडीक. तू बुधवारी शिंगणखारला ये. मीही रजा काढून येते. टोपली मी तयार ठेवते. तू काही बोलला नाहीस तरी चालेल. नुसता डोक्यावर घेऊन चाल. मोठ्या पाळेचे लोक समजतील. मी तुझ्या मागे चालेन.

आलास तर मी माझ्या तपासणीच्या अहवालात शिंपणाचा उल्लेख करणार नाही. तुझा गुन्हा तू गावासमोर फेडलास, तो कागदावर कशाला? हा सौदा आहे. मी असे सौदे करत नाही, पण तुझ्यासाठी एक केला.

कोकिळा


शिंगणखार,
रविवार, २४ जून

दादा,

बुधवारी तू आला नाहीस. केसरवहिनीला पाठवलंस. ती दारात उभी राहिली, आत आली नाही, आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, “त्यांना मीटिंग आहे.” मग तिनं हळूच मला विचारलं, “वन्सं, जपानला थंडी असते का हो?” मी म्हटलं असते. तिचा राग मला आला नाही.

गुरुवारी आम्ही वाट बघितली. शुक्रवारी सकाळी मी न्हाणीत असताना काकी टोपली घेऊन निघाली. मी ओल्या केसांनी धावले आणि तिला बांधावर गाठलं. तिला अडवणं जमलं नाही. टोपलीचा एक काठ मी धरला होता, एक तिनं. “सोर बाय,” ती म्हणाली. “शेतं बघ.” मी बघितली. गुडघाभर पाणी, आणि सगळी रिकामी. शेजारची मोठ्या पाळेची खाचरं हिरवी झालेली. मी टोपली सोडली आणि तिच्याबरोबर गेले.

ओटीवर धर्माजी बसला होता, मोठ्या पाळेचा गावकीचा म्हातारा. तू त्याला ओळखतोस. तुझ्या मागच्या सभेत तू त्याच्या रत्त्याला जंगली भात म्हणाला होतास. काकी अंगणात उभी राहिली, डोक्यावर टोपली. शेजारच्या घरांतून बायामाणसं बाहेर आली.

“काय गो सोना,” तो म्हणाला, “तुमच्या गावात आता फोटूतलं भात खातात म्हने.”

सगळे हसले. काकीसुद्धा हसली.

“फोटूतलं कच्चं राहतं,” ती म्हणाली. “म्हनून आले.”

“कोनाच्या हातचं गेलं बी?”

“माझ्या.”

“खोटं.” त्यानं विडी खाली ठेवली. “तुजा हात मना ठावं हाय. माझ्या बायकोला भिजवायला तूच शिकवलंस. मी देनार न्हाय. ज्यानं घालवलं त्याला धाड.”

काकी हलली नाही. टोपली डोक्यावर तशीच. तेव्हा तो माझ्याकडे वळला.

“तू दत्ताची भयीन ना? मुंबयला बियांचं शिकलीस. तू खोटं बोलनार न्हायस. तू सांग, काय झालं.”

दादा, त्या वेळी मी काय काय विचार केला ते लिहीत नाही. एक लिहिते. मी खरं सांगितलं असतं तर तो तुझी वाट बघत बसला असता, आणि तू आला नसतास. हे मला माझ्या बशांइतकं पक्कं माहीत होतं. सोमवारपर्यंत बी भिजलं नाही तर शिंगणखार यंदा पेरणार नव्हतं.

मी म्हटलं, “बी धुतलं गेलं नाही.”

“कोनी धुवायचं होतं?”

“काकीनं.”

आणि तिथे थांबले. दोन्ही उत्तरं खरी आहेत. तूही असंच केलंस. तुझ्या कागदावर मी सही केली नाही, पण तुझं वाक्य दुसऱ्या गावाच्या अंगणात, काकीसमोर, माझ्या तोंडून गेलं. ते किती सोपं असतं, हे मला आधी माहीत नव्हतं. आता आहे. त्याबद्दल मी तुला कधीही माफ करणार नाही.

धर्माजी माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं, असं मला वाटतं. “बरं,” तो म्हणाला, आणि सुनेला हाक मारली. सुनेनं टोपली उतरवून घेतली, भरली, पण काकीच्या डोक्यावर दिली नाही. माझ्या डोक्यावर दिली. रीतच तशी आहे. “बाकीचं माप बैलगारीनं धाडतो,” तो म्हणाला. मग काकीला म्हणाला, “आता हात लावू नको गो सोना.” आवाज चढवला नाही. आपण आजाऱ्याला बोलतो तसं म्हणाला.

परत येताना बांधावर काकी माझ्या पुढे चालत होती. तिनं एकदाच मागे वळून विचारलं, “जड हाय?” मी म्हटलं नाही. जड होती.

बी काल ठमीनं भिजवलं. पावसाचं पाणी सगळीकडे आहे आता. हंडे, पिंपं, पागोळ्यांखाली ठेवलेली भांडी, सगळं गोड. काकी ओटीवर बसून सांगत होती, “पानी बदल. आता हलव. जोरात न्हाय, लेकराला न्हाऊ घालतेस तसं.” दोन्ही हात पदराखाली धरून बसली होती. एकदा गोणपाटाचा कोपरा दुमडला, तर तिचा हात बाहेर आला आणि तिनं तो परत आत घेतला. ठमीनं ते बघितलं. ठमी रडायला लागली. काकी तिला म्हणाली, “रड भाईर जाऊन. खारं पानी बियात परंल.” ठमी हसली आणि आणखी रडली.

मी हसले नाही.

आता अहवाल. तो मी काल सही करून तुझ्या वरच्या कार्यालयाकडे पोस्टाने पाठवला. पेणच्या पोस्टातून, आपल्या पोस्टमास्तरकडून नाही. नक्कल सोबत जोडली आहे, पण तुला शोधावं लागू नये म्हणून इथेच लिहिते:

“मौजे शिंगणखार येथील बी, मिठाच्या पाण्यातून काढल्यावर गोड्या पाण्याने न धुतल्यामुळे मेले. धुण्यासाठी साठवलेले सर्व गोडे पाणी विस्तार अधिकारी यांच्या आदेशावरून पाहुण्यांच्या मार्गावर व मांडवात शिंपण्यात आले. बी भिजवणाऱ्या स्त्रियांनी त्यास हरकत घेतली होती. त्यांच्याकडून कोणतीही हयगय झालेली नाही.”

पहिलं वाक्य तुझं आहे. मी त्यातले शब्द कमी केले. बाकीची माझी.

पाठवू नकोस म्हणून काकीनं माझ्यासमोर हात जोडले. “दादा हाय तुजा,” म्हणाली. तिचं म्हणणं, झालं ते झालं, शेतं पेरली जातील, तिच्या हातांचं आता काही परत येत नाही, मग दत्ताचं का घालवायचं. मी तिला सांगितलं, तुझ्यासाठी पाठवत नाही. तिला ते पटलं नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही. पण पाकीट मी चिकटवलं आणि पेणला गेले.

आज तिनं तुला विचारायला सांगितलं आहे, दिवाळीला येशील का. पहिल्या अंघोळीचं तेल तुझ्यासाठी काढून ठेवते म्हणाली.

मी विचारीन म्हटलं. विचारलं.

कोकिळा